हाताची साक्ष

पुराव्याच्या कायद्यात डोळ्याला आणि कानाला नावाने जागा दिलेली आहे. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्याने द्यावी आणि ऐकलेल्या गोष्टीची साक्ष ऐकणाऱ्याने द्यावी, असे १८७२ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती व्यवस्था तशीच कायम आहे. उरलेली इंद्रिये मात्र ‘अन्य कोणतेही इंद्रिय’ अशा एकाच गाठोड्यात बांधून ठेवलेली आहेत. ह्या ‘अन्य’ मंडळींत त्वचा येते, म्हणजेच हात येतो. वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही शेकडो साक्षी ऐकल्या, घेतल्या आणि उलटतपासल्या. पण ‘तुझ्या हाताला काय जाणवले?’ हा प्रश्न पिंजऱ्यातील माणसाला कोणी विचारल्याचे आमच्या स्मरणात फारसे नाही. हात काम करतो, बोलत नाही. आणि जो बोलत नाही त्याची दखल न्यायालयात काय किंवा घरात काय, उशिराच घेतली जाते.

टेबल टेनिसच्या खेळात मात्र हा न्याय उलटा आहे. तेथे हात हाच प्रमुख साक्षीदार असतो आणि त्याची साक्ष कंपनाच्या भाषेत लिहिलेली असते. ह्या भाषेचा आम्हांस जो थोडाबहुत परिचय झाला तो निम्मा ग्रंथांतून आणि निम्मा अंत्रुज महालातील एका देवळाच्या अग्रशाळेत, जेथे यात्रेकरू नसतील त्या दिवशी सायंकाळी टेबल मांडले जाते. आम्ही स्वतः चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले आणि जाळीवरून चेंडू परत गेला यातच समाधान मानणारे खेळाडू आहोत. तथापि खेळ ओळखण्यास खेळात निष्णात असावेच लागते असे नाही. तसे असते तर न्यायाधीशांना आपल्यासमोरच्या प्रत्येक धंद्याचे शिक्षण घ्यावे लागले असते.

प्रथम चेंडूचा विचार करू. त्याचे वजन अवघे २.७ ग्रॅम. व्यास पूर्वी ३८ मिलिमीटर होता, तो २००० साली ४० करण्यात आला. आणि २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन दुसऱ्या प्लॅस्टिकचे चेंडू आले. हा चेंडू बॅटला लागतो तेव्हा दोघांचा सहवास सुमारे एक सहस्रांश सेकंदाचा असतो. तेवढ्यात रबर दबते, त्याखालचा स्पंज दबतो आणि लाकडाचे पाते किंचित वाकते. नियमानुसार पात्याच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो, आणि लाकूड म्हटले की ते वाजणारच. देवळातील घंटेवर लोलक आपटून मागे फिरला तरी घंटा थरथरत राहते, त्याचप्रमाणे चेंडू निघून गेल्यावरही पाते थरथरत राहते. पात्यावर काही जागा अशा असतात की तेथे आघात झाला असता मुठीपर्यंत कंप जवळजवळ येतच नाही. थोडे बाजूला लागले की तोच कंप मुठीतून बोटांत उतरतो. चेंडू कोठे लागला, किती जोराने लागला, रबर त्याला घासून गेले की नुसतेच आदळले, हे सर्व त्या थरथरीत लिहिलेले असते.

ती लिपी वाचणारे वाचक आपल्या त्वचेत आहेत. एकोणिसाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो पाचिनी यांचे नाव ज्यांना मिळाले ते सूक्ष्म पिंड कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरांथरांचे असतात आणि त्वचेत खोलवर बसलेले असतात. सेकंदाला २०० ते ३०० आंदोलने झाली की ते सर्वांत जागरूक होतात. त्या वेळी मिलिमीटरच्या एक सहस्रांशाहून कमी हालचालही त्यांना कळते. त्यांच्या वरच्या थरात दुसरे पिंड आहेत, ते मंद कंपाचे आणि निसटत्या वस्तूचे जाणकार. शिवाय स्नायूंच्या पोटात ताण मोजणाऱ्या तंतूंच्या चात्या असतात, त्या हात कोठे आहे व किती वेगाने चालला आहे हे मेंदूला सांगत राहतात. एवढा मोठा कारकूनवर्ग एका बॅटच्या मुठीमागे अहोरात्र सज्ज असतो.

येथे एक शंका कोणीही चिकित्सक वाचक घेईल. कंपाचा संदेश हातापासून मेंदूपर्यंत पोहोचण्यास सुमारे एक पन्नासांश सेकंद लागतो. ताशी ७० किलोमीटर वेगाने परतवलेला चेंडू तेवढ्या अवधीत ३९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर, पुढे गेलेला असतो. मग ही साक्ष घेऊन करायचे काय? गुन्हा घडून गेला, आरोपी हद्दीबाहेर गेला आणि मग पंचनामा झाला, असाच हा प्रकार नव्हे काय?

शंका बरोबर आहे, परंतु तिचे उत्तरही बरोबर आहे. हाताची साक्ष त्या फटक्यासाठी नसतेच, ती पुढच्या फटक्यासाठी असते. खेळाडूच्या मेंदूने फटका मारण्यापूर्वीच एक अपेक्षा बांधलेली असते: असा मारला तर हाताला असे लागेल. प्रत्यक्षात लागले ते आणि अपेक्षिले ते यांत अंतर पडले की तेवढ्यापुरती पुढची आज्ञा बदलते. स्वीडनमध्ये रोलँड योहान्सन आणि यॉरान वेस्टलिंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही गोष्ट साध्या उचलण्याच्या क्रियेतही दिसून आली. आपण एखादी वस्तू चिमटीत धरतो तेव्हा ती निसटू नये इतकाच, आणि त्यावर थोडासा अधिक, जोर बोटे लावतात. वस्तू गुळगुळीत आहे की खरबरीत, ह्यावरून तो जोर ठरतो. बोटांच्या अग्रांना बधिर करणारे औषध दिले की हा हिशेब चुकतो. हात मग हिशेबाऐवजी भीतीने धरतो. टेबल टेनिसमध्ये भीतीने धरलेली बॅट कशी चालते, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. जाळीपलीकडे हळूच ठेवायचा चेंडू फूटभर उंच उडतो आणि प्रतिस्पर्धी त्याचा समाचार घेतो.

कंपनाची साक्ष एकाएकी बंद पडली तर किती अनर्थ होतो, याचे जगाला पहिले मोठे प्रात्यक्षिक मिळाले ते आपल्या मुंबईत. १९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा तेथे भरली. आशिया खंडात ती त्यापूर्वी कधी भरली नव्हती. त्या काळच्या बॅटवर पुटकुळ्यांचे पातळ रबर असे, स्पंज नसे; चेंडू लागला की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज होई आणि कसलेला खेळाडू त्या आवाजावरून फटक्याचा जोर ओळखी. जपानचा हिरोजी सातो हा चष्मा लावणारा खेळाडू जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तिच्यावर चेंडू लागला तरी ऐकू येण्यासारखे काही होईना. चेंडू त्या स्पंजमध्ये घटकाभर रुतल्यासारखा होई आणि अनपेक्षित वेगाने बाहेर पडे. समोरच्यांचे डोळे शाबूत होते, पाय शाबूत होते, वर्षांचा सराव शाबूत होता. पण ज्या ध्वनीवर त्यांचा हात नकळत विसंबून होता तो ध्वनीच नाहीसा झाला होता. सातोने एकेरीचे विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान पराभूत झाला. युरोपच्या वर्चस्वाला त्या दिवशी जो तडा गेला तो पुढे रुंदावतच गेला.

ह्या नव्या बॅटवरून जो वाद माजला तो सात वर्षे चालला. १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने निवाडा दिला: स्पंज चालेल, पण त्यावर रबर हवे, आणि स्पंज, रबर व चिकटवण्याचा थर मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. वकिलाच्या दृष्टीने हा निवाडा आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटतो. नव्याला हाकलले नाही, जुन्याला मोडीत काढले नाही, केवळ माप घालून दिले. पुढे बॅटच्या दोन बाजूंना निरनिराळ्या गुणांचे पण एकाच रंगाचे रबर लावण्याची युक्ती निघाली. कोणत्या बाजूने चेंडू आला हे समोरच्याला डोळ्याने कळेना, पण कानाला थोडे कळे. तेव्हा काही हुशार खेळाडू सर्व्हिस करताना जमिनीवर जोराने पाय आपटू लागले, हेतू हा की त्या दणक्यात बॅटचा आवाज बुडावा. साक्षीदाराला फोडण्याचाच हा प्रकार! अखेर १९८० नंतरच्या दशकात दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले आणि हा प्रश्न मिटला.

आतापर्यंत पाहिला तो चेंडूने निर्माण केलेला कंप. आता बाहेरून लादलेल्या कंपाकडे वळू, कारण खरे गांभीर्य तेथे आहे. १९७२ साली गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज ह्या तीन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ऑक्सफर्ड येथील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दंडाच्या स्नायूच्या कंडरेवर सेकंदाला शंभराच्या आसपास आंदोलने देणारे यंत्र ठेवले असता, डोळे मिटलेल्या माणसाला आपला कोपर प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक सरळ झाल्यासारखा वाटतो. कंपामुळे स्नायूतील चात्या फसतात आणि ‘स्नायू लांबला’ असा खोटा संदेश पाठवतात. जेम्स लॅकनर यांनी १९८८ साली ह्यावर कडी केली. माणसाने आपल्याच नाकाचे टोक धरावे आणि त्या हाताच्या दंडावर कंप द्यावा, म्हणजे हात दूर जात आहे असे वाटते. पण बोटे तर नाकावरच आहेत, तेव्हा मेंदू निष्कर्ष काढतो की नाकच लांब होत चालले आहे!

हे वाचून आम्हांस हसू आले आणि मागोमाग थोडी भीतीही वाटली. खोटी साक्ष देणारा मनुष्य खोटेपणाने देतो, असे गृहीत धरून आम्ही उलटतपासणी करतो. येथे तर साक्षीदार अत्यंत प्रामाणिक आहे, शपथेवर सांगतो आहे, आणि तरीही त्याचे म्हणणे सपशेल चुकीचे आहे. त्याला कोणी लाच दिलेली नाही. त्याला केवळ हलवले आहे. अशा साक्षीदाराला लबाड ठरवणे हा अन्याय आहे.

आणि नेमका तोच अन्याय आमच्या डोळ्यांसमोर घडू लागला होता. अग्रशाळेत खेळायला येणाऱ्यांत पंचविशीतला एक तरुण आहे. दिवसा तो दगड कापण्याचे व घासण्याचे काम करतो. जीर्णोद्धार झालेल्या देवळांतून आणि नव्या घरांतून जी गुळगुळीत फरशी आपण पाहतो, तिच्या कडा आणि पायऱ्यांची गोलाई असल्या तरुणांच्या हातांतील ग्राइंडर यंत्राने उतरते. सायंकाळी अंगावरची धूळ धुऊन तो खेळायला येई. त्याच्या खेळाचे सौंदर्य जोरात नव्हते, हळुवारपणात होते. जाळीला लागून ठेवलेला त्याचा आखूड चेंडू उचलता उचलता आमच्यासारख्यांची कंबर मोडे. तालुक्याच्या स्पर्धेसाठी निवडायच्या संघात त्याचे नाव न बोलता ठरलेले होते.

गेल्या पावसाळ्याच्या आधी हे हळूहळू बदलू लागले. जोराचे फटके पूर्वीसारखेच बसत, पण हळुवार चेंडू फसू लागला. तो बॅट आवळून धरी, इतकी की खेळ संपल्यावर मुठीवर तळव्याचा ठसा ओला दिसे. सर्व्हिस करताना दोनदा चेंडू हातातून निसटला. मंडळींनी आपापले निदान केले. कोणी म्हणाले, सराव नाही. कोणी म्हणाले, पोराला गर्व झाला. एकाने तर दबक्या आवाजात, हा आजकाल ‘घेऊन’ येतो, असेही सुचवले. संघातून त्याचे नाव गळण्याच्या बेतात आले. आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा त्याने दिलेले उत्तर आम्ही त्याच्याच शब्दांत देतो: “वकीलबाब, बॅट हातांत आसा, पूण हात खंय आसा तें म्हाका कळना.”

वकिलाला सवय असते ती तारखा पाहण्याची. अग्रशाळेतील खेळांच्या गुणांची एक वही ठेवलेली असते. ती आम्ही मागील चार महिन्यांची चाळली. रविवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो बहुतेक जिंकला होता. बुधवार ते शनिवार बहुतेक हरला होता. चवथीला आठ दिवस यंत्र बंद होते; त्या आठवड्यात त्याचा खेळ पूर्वीच्या तोडीचा झाला होता आणि काम सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी पुन्हा ढासळला होता. दारू पिणारा मनुष्य चवथीला पिणे सोडतो आणि बुधवारी सुरू करतो, असा नियम निदान आमच्या पाहण्यात नाही. वहीची साक्ष ग्राइंडरकडे बोट दाखवीत होती.

ही कथा नवी नाही, हे आम्हांस पुढे वाचनात आढळले. १९१८ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी चुनखडीच्या दगडाचे काम करणाऱ्या पाथरवटांना डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन यांनी तपासले. हवेच्या दाबाने चालणारे हातोडे तेथे आले होते. थंडीच्या सकाळी त्या पाथरवटांची बोटे पांढरी फटक पडत, जणू मेणाची, आणि स्पर्श कळेनासा होई. ज्या डाव्या हाताने ते छिन्नी धरीत त्याची अवस्था हातोडा धरणाऱ्या उजव्याहून वाईट होती. आपल्याकडच्या उष्ण हवेत बोटांचे पांढरे पडणे सहसा डोळ्यांत भरत नाही. त्यामुळे दोष नजरेआड राहतो. मुंग्या आणि बधिरपणा मात्र हवेची वाट पाहत नाहीत. यंत्र ठेवल्यानंतरही काही काळ बोटांची जाण बोथट राहते. शिवाय कंप सुरू असता स्नायू आपोआप अधिक आवळले जातात. जितके आवळावे तितका कंप अधिक आत शिरतो. दिवसामागून दिवस असे गेले म्हणजे तात्पुरते बोथटपण कायमचे होऊ लागते.

त्या तरुणाला आम्ही डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी केलेली एक परीक्षा आमच्या मनातून जात नाही. १२८ आंदोलनांचा एक ध्वनिकाटा त्यांनी वाजवला, त्याचे बूड तरुणाच्या उजव्या तर्जनीवर टेकवले आणि कंप थांबल्यावर सांगण्यास सांगितले. थोड्याच वेळात तो म्हणाला, “थांबला.” डॉक्टरांनी तो काटा उचलून तत्काळ आमच्या बोटावर ठेवला. काटा थांबला नव्हता. आमच्या बोटाला तो चांगला स्पष्ट कळत होता आणि बराच वेळ कळत राहिला. कंपाने हिरावून नेलेले कंपानेच मोजले गेले. त्या लहानशा खोलीत इतकी निर्विवाद साक्ष आम्ही न्यायालयातही क्वचितच पाहिली असेल.

पुढील व्यवहार सांगण्यासारखा गोड नाही. ठेकेदाराचे म्हणणे असे की इतर कामगारांना काही होत नाही, आणि खेळता येत नाही ही काही कामाची तक्रार नव्हे. ह्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर देणे आम्हांस आवश्यक वाटले. खेळ ही येथे तक्रार नव्हती, खेळ हा पुरावा होता. ज्या हाताला जाळीवरचा चेंडू कळत नाही त्या हाताला उद्या फिरत्या चाकाची कडही कळणार नाही, शर्टाचे बटणही कळणार नाही. टेबल टेनिसने ती गोष्ट वर्षभर आधी उघड केली, एवढाच त्याचा दोष. युरोपातील देशांनी २००२ साली हातांना पोहोचणाऱ्या कंपाचे दैनिक माप ठरवले: आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतका कंप झाला की मालकाने उपाय सुरू करावेत, आणि ५ च्या पलीकडे जाऊच नये. पुन्हा तोच १९५९ चा न्याय: यंत्र चालेल, पण माप हवे.

बोलणी होऊन दोन माणसांनी आळीपाळीने यंत्र धरावे, झिजलेले चाक वेळीच बदलावे आणि मधल्या वेळात त्याला मोजमापाचे काम द्यावे, असे ठरले. मधल्या वेळाच्या मजुरीविषयीचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. तो आमच्या हाती असल्यामुळे त्यावर येथे अधिक लिहिणे उचित होणार नाही. पाच महिन्यांनी पुन्हा काटा लावला, तेव्हा त्याच्या व आमच्या बोटांतील अंतर कमी झाले होते, गेले नव्हते. लवकर ध्यानात आलेला बधिरपणा बराचसा ओसरू शकतो, फार दिवसांचा झालेला बहुधा परत जात नाही, असे डॉक्टरांचे सांगणे. मधल्या काळात त्या तरुणाने स्वतःच एक तोड काढली. तो कानाने खेळू लागला. हाताला जे कळेना ते तो बॅटच्या आवाजावरून ताडू लागला, आणि त्याच्या डावाच्या वेळी सर्वांनी गप्प राहावे असा अलिखित नियम अग्रशाळेत झाला. मुंबईत १९५२ साली कानाची साक्ष हिरावली गेल्यामुळे मोठमोठे खेळाडू हरले होते. येथे हाताची साक्ष मंदावली असता कान जामीन राहिला. संघात त्याचे नाव राहिले. तो पहिल्याच फेरीत हरला, पण पाचव्या डावापर्यंत झुंजून हरला.

ह्यावरून कंप म्हणजे शत्रू, असा कोणी अर्थ काढू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली कापसाचा दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा योग्य जागी बसला की तार बोलू लागते आणि केसभर सरकला की मुकी होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या ह्याच घोडीच्या करामतीवर लिहिले होते. हाताचेही तसेच आहे. स्वतःला जाणवणारही नाही इतका सूक्ष्म आणि अनियमित कंप बोटाला दिला असता एरवी न कळणारा स्पर्श कळू लागतो, असे १९९६ साली प्रयोगाने दाखवण्यात आले. व्यायामशाळांतून आता कंप देणारे पाटही आले आहेत. त्यांवर उभे राहिल्याने खेळाडूची चपळाई वाढते की नाही, यावर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. जवारीचा दोरा कोठे बसतो यावर सारे अवलंबून आहे, एवढेच तूर्त म्हणता येईल.

खेळणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. तासभर मोटारसायकल चालवून किंवा गवत कापण्याचे यंत्र धरून आल्यावर लगेच बॅट उचलू नये. हात धुवावेत, गरम चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसावे, पंधरा-वीस मिनिटांनी खेळावे. बॅट आवळावीशी वाटू लागली तर त्याचे कारण शोधावे. आणि एखाद्या चांगल्या खेळाडूचा हळुवार चेंडू बिघडला तर त्याच्या चारित्र्याची चौकशी करण्यापूर्वी त्याच्या दिवसाच्या कामाची चौकशी करावी.

देवस्थानांच्या समित्यांवर काम करणाऱ्या आमच्या वाचकांपुढे आणखी एक गोष्ट ठेवावीशी वाटते. जीर्णोद्धाराचा ठराव होतो तेव्हा दगड कोणता, रंग कोणता, दर काय, मुदत किती, हे सर्व कागदावर येते. त्या कागदात आणखी एक कलम घालणे कठीण नाही: दगड घासणारे यंत्र एका माणसाच्या हातात सलग किती वेळ राहील, दिवसाकाठी किती तास राहील, आणि मधल्या विश्रांतीची मजुरी त्याला मिळेल की नाही. मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ. गुळगुळीत पायरीवर आपण अनवाणी पाऊल ठेवतो तेव्हा तिचा थंडपणा आपल्या तळव्याला नीट कळतो. ज्याने ती पायरी घासली त्यालाही ती हाताने चाचपून पाहता यावी, इतके मागणे काही जास्त नाही.